घर विंडसरला, नोकरी डेट्रॉइटला: पगारदाराने दोन देशांत रिटर्न का भरावं?

नदीकाठचा:
काल, ३० एप्रिलला, रात्री साडेअकराला कॅनडाचं रिटर्न पाठवलं. १५ तारखेला अमेरिकेचं गेलं होतं. महिन्याचे सगळे शनिवार-रविवार यातच गेले, म्हणून हा धागा.

मी कॅनडाचा नागरिक, टीएन व्हिसावर (कॅनडा-मेक्सिकोच्या व्यावसायिकांसाठीचा अमेरिकेचा कामाचा परवाना) विंडसरहून रोज नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉइटला जातो. पगारातून अमेरिकेचा केंद्रीय कर, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के, मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) १.४५, मिशिगनचे ४.२५ आणि वर डेट्रॉइट शहराचे १.२ टक्के कापले जातात. मग तोच पगार कॅनेडियन डॉलरमध्ये करून इकडे दाखवायचा, तिकडे भरलेल्या कराची वजावट मागायची आणि उरलेला फरक भरायचा. कंपनी कॅनडाचा कर कापत नाही. त्यामुळे फरक ३,००० डॉलरच्या वर जायला लागला की मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरला आगाऊ हप्ते भरायची नोटीस येते.

पहिल्या वर्षी ज्या सीएकडे गेलो त्याने १०४०-एनआर या अनिवासींच्या फॉर्मऐवजी रहिवाशांचा साधा १०४० भरला. कॅनडातून रोज ये-जा करणाऱ्याचे दिवस अमेरिकेचा रहिवासी ठरवणाऱ्या १८३ दिवसांच्या हिशेबात धरत नाहीत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते निस्तरायला पुढचं वर्ष गेलं.

माझं म्हणणं एवढंच: पगारदाराने घर आहे तिथे एक रिटर्न भरावं. कुणाचा वाटा किती, ते दोन सरकारांनी आपसात मिटवावं.

मिशिगनकर:
अजिबात पटलं नाही. पगार जिथे कमावता तिथे कर भरायलाच हवा. २०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दिवे बंद पडलेल्या गल्ल्यांतून मी गाडी चालवली आहे. तुमच्या ऑफिसला आग लागली तर बंब डेट्रॉइटचाच येणार ना? शहरात राहणारा २.४ टक्के भरतो, तुम्ही त्याच्या निम्मे.

नदीकाठचा:
पैसे द्यायला ना नाहीच. एकाच पगाराचा हिशेब दोनदा मांडायला आहे.

ऱ्हाईनपार:
मी फ्रान्समध्ये सेंट-लुईला राहते, नोकरी बाझलला. तुम्ही म्हणता ती पद्धत आमच्याकडे आहे. फ्रान्स-स्वित्झर्लंडचा १९८३चा करार आठ कँटनांना (स्विस राज्यांना) लागू आहे. रोज घरी परतणाऱ्याचा आयकर फ्रान्समध्येच, आणि फ्रान्स एकूण पगाराच्या ४.५ टक्के रक्कम स्विस बाजूला देतो. मला फक्त रहिवासाचा एक दाखला मालकाला द्यावा लागतो. जिनिव्हा मात्र या करारात नाही, तिथे कर पगारातूनच कापतात. म्हणजे होऊ शकतं, पण दोन्ही बाजूंनी मनावर घेतलं तरच.

आकडेमोड:
नदीकाठचा, वाईट मानू नका, पण यातून तुमचा एक सेंटही वाचणार नाही. शेवटी तुमच्यावर भार विंडसर ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओच्या दराचाच. तेवढ्याच पगारावर विंडसरमध्ये काम करणारा तुमचा शेजारीही साधारण तेवढाच भरतो. सोशल सिक्युरिटीची कपातसुद्धा वजावटीत धरता येते. याला दुहेरी कर म्हणणं चूक आहे.

उलट हक्काचं आहे ते तुम्ही घेतलंत का? ४०१(के)मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीच्या निवृत्ती योजनेत, पैसे जात असतील तर आरसी२६८ फॉर्म भरून कॅनडात सूट मिळते. कित्येक जण हा फॉर्म भरतच नाहीत, आणि ओरडतात मात्र व्यवस्थेच्या नावाने.

लासालची सून:
दोन रिटर्न एक वेळ चालतील, मला छळतात ते दिवस. दर सोमवारी आणि शुक्रवारी मी घरून काम करते. घरी बसून केलेलं काम कॅनडातलं, त्यावर अमेरिकेचा हक्क नाही. पण कंपनी सरसकट कापते. त्या दिवसांचा अमेरिकेतला कर तिकडूनच परत मागावा लागतो, कारण कॅनडा त्याची वजावट देत नाही. डेट्रॉइट शहराचंही तसंच, आणि तिथे कंपनीचं पत्र लागतं.

म्हणून फ्रिजवरच्या कालनिर्णयवर मी घरचे दिवस हिरव्या पेनाने गोल करते. गेल्या वर्षी माझे ८७ दिवस आले, कंपनीच्या पत्रात ७४. तीन आठवडे भांडले, टोलच्या पावत्या लावल्या, तेव्हा पत्र बदललं. सासूबाई विचारतात, संकष्टीच्या शेजारी हे हिरवं काय? सांगा, हे काम पगारदार बाईचं आहे का? माझं मत नदीकाठच्यांना.

मिशिगनकर:
ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण ते कंपनीचं पगारखातं नीट काम करत नाही म्हणून. कॅनडा-अमेरिकेचा कर-करार चुकीचा नाही.

पुणे३०:
थोडं अवांतर. माझा भाऊ कॅनडात असतो. भारतातली एफडी आणि पीपीएफ तिकडच्या रिटर्नमध्ये कशाला सांगायची? इथे टीडीएस कापलेला असतो, पीपीएफ तर करमुक्तच.

आकडेमोड:
असले सल्ले कृपया देऊ नका, लोक अडचणीत येतात. कॅनडाचा रहिवासी जगभरातलं उत्पन्न दाखवायला बांधील आहे. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी कॅनडात नाही. परदेशातल्या ठेवी-गुंतवणुकीची खरेदी किंमत मिळून १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी११३५ हा परदेशी मालमत्तेचा फॉर्म भरावा लागतो. उशिराला दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० पर्यंत. टीडीएसचं म्हणाल तर भारत-कॅनडा करारानुसार व्याजावर भारताची मर्यादा १५ टक्के. एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावर ३० कापले असतील तर वरचे भारतात रिटर्न भरून परत घ्यायचे.

पुणे३०:
हे माहीत नव्हतं. भावाला आजच कळवतो.

नदीकाठचा:
आकडेमोड, आरसी२६८ मी खरंच भरलेला नाही. जुन्या वर्षांची दुरुस्ती मागतो, आभार. मत बदललेलं नाही. ऱ्हाईनपार सांगतात ते १९८३ मध्ये जमलं, तर इथे का जमू नये?

लासालच्या ताई, एक विचारायचं होतं. सकाळी घरून मीटिंग आणि दुपारी ऑफिस, असा दिवस तुम्ही कसा लिहिता?

लासालची सून:
अर्धा गोल. आणि त्या चौकोनातच बारीक अक्षरात दोन्हीकडचे तास. गेल्या वर्षी असे ११ दिवस होते.