मदत हवी आहे: लाइटिंग कंट्रोलर पॅनेलला जोडल्यावर आरसीसीबी (जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये फरक पडला की वीज तोडणारा स्विच) पडते

नमस्कार मंडळी, घराचं वायरिंग सुरू आहे. आठ चॅनेलच्या लाइटिंग कंट्रोलरचे आउटपुट ऑटोमेशन पॅनेलमध्ये आणलेत. त्यातले रिले (विजेवर चालणारे स्विच) ड्राय कॉन्टॅक्टचे, म्हणजे स्वतः वीज न देता फक्त जोड-तोड करणारे, त्यामुळे फेज बाहेरून दिलाय. दोन्ही मजल्यांना ३० मिलीअँपिअरची स्वतंत्र आरसीसीबी आहे, पण पॅनेलमध्ये सगळे न्यूट्रल एकाच लिंकवर (वायरी जोडायच्या पट्टीवर) आवळलेत. वरचा दिवा लावला की खटकन ट्रिप! मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासलं, अर्थिंगकडे करंटची गळती नाही. माझ्या मते न्यूट्रल एकत्र आल्यामुळेच हे होतंय. मजल्यागणिक वेगळी लिंक दिली की भागेल का? आणि कोव्हलाइटचे (छताच्या खाचेतल्या लपवलेल्या दिव्यांचे) पाच एलईडी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) एकदम चालू होतानाच्या करंटच्या झटक्याने १० अँपिअरच्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतील, की मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) घालावाच? पीओपीवाले सोमवारी छत बंद करतायत, त्याआधी कुणी जाणकार सांगेल का?