मदत हवी आहे : आत्याला रीडेल थायरॉइडायटिस, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावचे. आत्याच्या गळ्यात चार महिन्यांपासून गाठ आहे. वय ५२. गाठ हाताला अगदी वरवंट्यासारखी टणक लागते. दुधात कुस्करलेली भाकरीही अडकते, उताणं झोपलं की दम लागतो. आधी सगळ्यांनी कॅन्सरच धरला होता. सुईच्या तपासणीत काही निष्पन्न झालं नाही. शेवटी मिरजेत छोटं ऑपरेशन करून तुकडा काढला, तेव्हा रीडेल थायरॉइडायटिस हे नाव कळलं. यात गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजून दगडासारखी कडक होते आणि आजूबाजूला चिकटते. १८९६ साली रीडेल नावाच्या जर्मन सर्जनने वर्णन केलेला दुर्मिळ आजार, तो नेमका आमच्याच घरी!

स्टेरॉइड सुरू केलंय. गरज पडली तर टॅमॉक्सिफेन देऊ म्हणतात. ती स्तनाच्या कॅन्सरची गोळी म्हटल्यावर आत्या जाम घाबरली. श्वासनलिकेवर दाब वाढलाच तर ग्रंथीचा मधला भाग कापतील. पूर्ण ग्रंथी काढणं धोक्याचं, आजूबाजूला सगळं चिकटलंय.

स्टेरॉइडने गाठ किती दिवसांत सैल पडली? आत्याला शुगर आहे, ती कशी सांभाळलीत? आयजीजी-४ ची (या आजाराशी संबंध असू शकणाऱ्या एका अँटिबॉडीची) रक्ततपासणी सांगलीत होते, की नमुना पुण्याला जातो? काढे-लेप कृपया सुचवू नका, ते सगळं करून झालंय.