मदत हवी आहे: कॉपी-पेस्ट केलेला कोड आता एकमेकांशी जुळेनासा झालाय

मंडळी, आमचं बिलिंगचं जुनं जावा सॉफ्टवेअर आहे. जीएसटी काढायचं एक फंक्शन कुणीतरी कधीकाळी कॉपी-पेस्ट केलं, आणि आज त्याच्या सात प्रती आहेत. (त्यातल्या दोन माझ्याच, कबूल.)

22 सप्टेंबर 2025 ला दर बदलले, तुपावरचे 12 टक्के 5 झाले. मी सहा ठिकाणी दुरुस्ती केली. सातवी प्रत कोटेशनच्या स्क्रीनमागे होती. गिऱ्हाइकाला कोटेशन 12 टक्क्यांनी, बिल 5 टक्क्यांनी! फोन कुणाला आला असेल ते सांगायला नको.

आता सगळ्या एकत्र करायला बसलोय, तर प्रती सारख्या राहिलेल्याच नाहीत. एकीत बिगडेसिमल (अचूक दशांश ठेवणारा प्रकार), दुसरीत साधा डबल (दशांश अंदाजे ठेवणारा). एकीत प्रत्येक ओळीला राउंडिंग, दुसरीत शेवटच्या बेरजेला, त्यामुळे पैशांचा फरक पडतो. यातलं मुद्दाम केलेलं काय आणि विसरलेलं काय, हेच कळत नाही.

पीएमडीचं सीपीडी (सारखा कोड शोधणारं टूल) किमान 100 टोकन, म्हणजे कोडमधले शब्द-चिन्हं, सलग जुळावीत असं लावून चालवलं, तीनच प्रती सापडल्या. मधे एखादी ओळ घुसवली की जुळणी तुटते. नावं दुर्लक्षित करायचा पर्याय लावला तर ढीगभर गेटर-सेटर (व्हॅल्यू वाचणारी-बदलणारी छोटी फंक्शन्स) येतात. गिट ब्लेमला (कुठली ओळ कुठून आली ते दाखवणारी कमांड) तीनदा सी (कॉपी शोधायचा पर्याय) देऊनही मूळ फाइल नीट लागत नाही.

अशा भरकटलेल्या प्रती तुम्ही कशा शोधता? आणि एकत्र करण्याआधी प्रत्येकीच्या आजच्या उत्तरावर टेस्ट लिहून घ्यावी, की राउंडिंगचं आधी अकाउंट्सवाल्यांना विचारावं?