मदत हवी आहे: एक्सेल वार चुकीचा दाखवतंय (उद्या सकाळी छपाईला द्यायचंय)

रानवाट: वंशावळीची पुस्तिका करतोय. जन्मतारखेपुढे वार हवा म्हणून सूत्र लावलं. बाकी सगळ्या ओळी बरोबर आल्या, दोन मात्र घरच्या वहीशी जुळत नाहीत. एक्सेल चुकतं का? दुरुस्ती कशी करायची तेवढं सांगा. उद्या दहाला फाइल द्यायची आहे.

सोपान_एस: तारखा कोणत्या? सूत्र काय लावलंय?

गणिताचे सर: वीकडे फंक्शन असेल तर त्यातला दुसरा आकडा बघा. काहीच दिलं नाही तर रविवार १ धरतं, २ दिला तर सोमवार १. तुमची वारांची यादी सोमवारपासून असेल आणि दुसरा आकडा राहिला असेल, तर वार एका घराने सरकतो.

रानवाट: मग सगळ्याच ओळी चुकल्या असत्या ना. वीकडे नाही वापरलं. दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यांत आहेत, ते डेटमध्ये घेऊन टेक्स्टने वार काढलाय.

पंचांगी: एक्सेल चुकत नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला सुरू होतो. मध्यरात्रीनंतर, उजाडायच्या आत जन्म झाला असेल तर जुन्या वहीत आदला वार असणारच. जन्मवेळ बघा.

सोपान_एस: तारखा सांगा हो आधी.

रानवाट: १५ फेब्रुवारी १९००: वहीत गुरुवार, एक्सेल बुधवार. ९ नोव्हेंबर १८९७: वहीत सोमवार, एक्सेल गुरुवार.

सोपान_एस: हे आधी आलं असतं तर एव्हाना सुटलं असतं. दोन्ही ओळींची कारणं वेगळी आहेत.

१९०० लीप वर्ष नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. एक्सेल मात्र २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख होती असं धरतं. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटमध्ये ही चूक होती आणि तिथल्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनेही ती ठेवली. आकडेमोड १ मार्च १९०० पासून पुढे बरोबर बसते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी १९०० चे वार एकेक मागे पडतात. खात्री करायची तर एखाद्या घरात ६० लिहा आणि त्याला तारखेचा फॉरमॅट द्या. कधीच न उगवलेला तो २९ फेब्रुवारी दिसेल. तुमची वही बरोबर आहे, गुरुवारच.

१८९७ चा घोळ डेट फंक्शनचा. १९०० पेक्षा लहान वर्ष दिलं की ते त्यात १९०० मिळवतं. तुम्हाला मिळालेला गुरुवार ९ नोव्हेंबर ३७९७ चा आहे. टेक्स्टमध्ये फक्त वार मागितल्याने वर्ष दिसलंच नाही.

मुक्तस्रोत: लिबरऑफिस कॅल्क या फुकट स्प्रेडशीटमध्ये फाइल उघडा, विषय संपला. तिथे १९०० बरोबर येतं आणि १८९७ ही चालतं.

सोपान_एस: वार बरोबर येतील, पण फाइल एक्सेलमध्ये परत उघडून सूत्रं पुन्हा चालली की तेच. त्यापेक्षा डेटमध्ये वर्षाच्या जागी वर्ष अधिक ४०० लिहा. ग्रेगोरियन म्हणजे आपल्या रोजच्या इंग्रजी कॅलेंडरचं चक्र ४०० वर्षांचं: १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. एकही दिवस उरत नाही. १९०० च्या जागी २३००, १८९७ च्या जागी २२९७, वार तेच. सगळ्या ओळींना हेच लावा, दोन तऱ्हेची सूत्रं ठेवू नका. छापायच्या वर्षाचा रकाना तेवढा वेगळा राहू द्या.

भिंतीवरचं: सूत्राशिवायही पडताळता येतं. १९०० आणि २०१८ दोन्ही साधी वर्षं, दोन्ही सोमवारी सुरू झालेली. १८९७ ला २०२१ चं कॅलेंडर लागतं. जाता जाता, २०१५ चं जपून ठेवलं असेल तर २०२६ ला वापरा.

पंचांगी: वारापुरतं. सणांना नाही. २०१५ ला अधिक आषाढ होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. तिथी साधारण १९ वर्षांनी त्याच तारखांवर येतात, त्यामुळे सणांसाठी २००७ चं काढा. त्यातही एखादा दिवस पुढेमागे होतो.

मुक्तस्रोत: मग शिवकाळातल्या तारखांनाही ४०० मिळवले की झालं?

सोपान_एस: नाही. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन, म्हणजे ग्रेगोरियनच्या आधीच्या जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. थेट २०३० लिहिलंत तर मंगळवार येईल. आधी दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० करा, मग २०३०: शुक्रवार. फाल्गुन वद्य तृतीयेला जेधे शकावलीतही (शिवकाळातल्या घटनांची तिथीवार नोंद) शुक्रवारच आहे. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये बुधवार २ नंतर थेट गुरुवार १४ घेतला. पोर्तुगीजांनी हा बदल १५८२ लाच केला होता, म्हणून त्याच दिवसाच्या सुरतेच्या इंग्रजी पत्रात एक तारीख आणि पोर्तुगीज कागदात दहा दिवस पुढची. पानिपताला मात्र, १४ जानेवारी १७६१ ला, नुसते ४०० पुरतात: बुधवार.

पंचांगी: राज्याभिषेकाला माझाच मुद्दा लागतो. ६ जून १६७४ चा वार शनिवार निघतो, शकावलीत शुक्रवार आहे, कारण तीन घटका रात्र उरली होती.

रानवाट: कृपया माझ्या ओळींवर या. ४०० मिळवले. १९०० ला गुरुवार आला. १८९७ ला मंगळवार येतोय, वहीत सोमवार.

पंचांगी: वेळ?

रानवाट: "पहाटे साडेचार" असं लिहिलंय. वेळ छापायची नव्हती म्हणून सांगितली नाही.

पंचांगी: मग वही बरोबर आणि सूत्रही बरोबर. उजाडायच्या आधीचा जन्म, म्हणून पंचांगाने सोमवार. तारीख ९ च ठेवा, वार जुळवायला ८ करू नका.

गणिताचे सर: कुंडली काढणार असाल तर १८९७ ला मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. साडेपाच तासांची प्रमाणवेळ १९०६ पासूनची. सॉफ्टवेअरने ती धरली तर ३९ मिनिटांचा फरक पडेल.

रानवाट: कुंडली नाही काढायची. छापू काय, सोमवार की मंगळवार?

सोपान_एस: बाकी सगळे वार मध्यरात्रीच्या हिशोबाने आहेत, म्हणून रकान्यात मंगळवार. खाली बारीक अक्षरात "वहीत सोमवार, पहाटे साडेचार". आणि बाकीच्या ओळींतल्या पहाटेच्या वेळाही आत्ताच तपासून घ्या, वार वहीवरून उतरवलेले असतील तर तिथेही हेच निघेल.