किलमेनहॅमची तडजोड: पार्नेल यांनी कुळांना वाऱ्यावर सोडले का?

चर्चाप्रस्ताव
चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल हे आयर्लंडमधील विक्लो परगण्यातले, ॲव्हनडेलचे प्रोटेस्टंट जमीनदार. तरीही १८७९ साली त्यांनी लँड लीग या कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि जमीनदारांविरुद्ध कुळांची बाजू घेतली. ऑक्टोबर १८८१ मध्ये त्यांना किलमेनहॅमच्या तुरुंगात टाकले गेले. २ मे १८८२ रोजी ते सुटले, ते ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याशी समझोता करूनच: सरकारने थकलेल्या खंडाचा प्रश्न सोडवावा आणि पार्नेल यांनी आंदोलन शांत करावे. खंडबंदीची हाक देणाऱ्या नेत्याने कुळे घराबाहेर काढली जात असताना असा समझोता करणे, ही माझ्या मते उघड माघार होती.

प्रतिसाद
असहमत. १८८१ च्या जमीन कायद्याने न्यायालयाकडून रास्त खंड ठरवून घेण्याची सोय झाली, पण ज्यांची बाकी तुंबली होती त्या सर्वांत गरीब कुळांना तिचा लाभ मिळेना. समझोत्यानंतरच्या कायद्याने लहान कुळाने एका वर्षाचा खंड भरला की उरलेल्या बाकीचा काही भाग सरकारने भरायचा आणि राहिलेली रक्कम माफ व्हायची. ज्याच्या दारात जप्ती उभी होती, त्याला ही माघार वाटली नसेल. शिवाय पार्नेल यांची रीत आधीपासून हीच होती. सप्टेंबर १८८० मध्ये एनिस येथील सभेत, शेजाऱ्याची हिसकावलेली जमीन कसायला घेणाऱ्याचे काय करावे, असे त्यांनी विचारताच गर्दीतून ‘गोळी घाला’ असे आवाज उठले. त्यावर त्यांनी अशा माणसाशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनास्थळीही संबंध तोडण्याचा मार्ग सांगितला.

उपप्रतिसाद
मग त्यांच्या भगिनी ॲना पार्नेल यांचे काय? पुरुष नेते तुरुंगात असताना स्त्रियांच्या लँड लीगने लढा चालू ठेवला, बेघर कुटुंबांसाठी झोपड्या उभारल्या. सुटून आल्यावर पार्नेल यांनी या लीगचा पैसा तोडला आणि ती संघटना बंद पाडली. ॲना पुन्हा भावाशी बोलल्या नाहीत. याला घरगुती रुसवा म्हणणे मला पटत नाही. लढा कोणासाठी थांबवला, हा त्यांचा प्रश्न होता.

प्रतिसाद
ॲना यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य. मात्र सुटकेनंतर अवघ्या चार दिवसांनी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचा कारभार पाहणारे ब्रिटिश सरकारचे मुख्य सचिव कॅव्हेंडिश आणि त्यांचे दुय्यम अधिकारी बर्क यांची सुऱ्यांनी हत्या झाली. अशा वेळी आंदोलन तसेच पेटते ठेवले असते, तर दडपशाहीचा पहिला घाव कुळांवरच पडला असता, आणि पुढे स्वराज्याचा प्रश्न पार्लमेंटमध्ये रेटणारा शिस्तबद्ध पक्षही उभा राहिला नसता.