लाजर परत मेला का? शंका असलेल्या माणसानं संडे स्कूलमध्ये शिकवावं का?

चौथा_बाक

सलाम मंडळी. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी अहिल्यानगरची (तोंडात अजून नगरच येतं). घराणं ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. गेली ११ वर्षं संडे स्कूलमध्ये ८ ते १० वयाच्या मुलांना शिकवते. फेब्रुवारीत आई गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळल्यापासून १४ आठवडे मिळाले. त्यात घरी प्रार्थनासभा, उपवास, तेल लावणं, सगळं झालं. शेवटच्या आठवड्यात प्रार्थनेला आलेले एक गृहस्थ दारात चपला घालता घालता मला म्हणाले, "ताई, या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." आई आतल्या खोलीत होती. आणि तिचे कान शेवटपर्यंत तिखट होते.

तेव्हापासून प्रार्थनेला बसले की मी नुसती बसलेली असते. चर्चला जाते, उपासना संगीत (आमचं गीतांचं पुस्तक) उघडते, गाणी तोंडपाठ आहेत म्हणून म्हणते. "मी विश्वास ठेवतो" हा अंगीकार म्हणायला सगळे उठले की मीही उठते. कधी ओठ हलतात, कधी नाही.

जूनमध्ये धड्यात लाजर आला, येशूनं मेल्यावर कबरीतून उठवलेला. बायबलात योहान अध्याय ११. दरवर्षी आम्ही एका मुलाला बँडेज गुंडाळतो, तो कपाटामागून उड्या मारत बाहेर येतो, सगळे खिदळतात. यंदा बँडेजचा रोल मी घरून नेला. आईच्या खोलीत उरलेला. कशाला नेला, मलाच माहीत नाही. गुंडाळून झालं, लाजर बाहेर आला, टाळ्या झाल्या, आणि मागच्या चटईवरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, मग लाजर परत मेला का?"

मी म्हटलं, "हो, मेलाच असेल."

"मग उठवला कशाला?"

हातात बँडेजचं टोक होतं. म्हटलं, "मला माहीत नाही. मलाही हाच प्रश्न पडलाय."

एवढंच. पण ते घरोघरी पोचलं. दोन पालकांनी पास्टोरेट कमिटीकडे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाकडे) तक्रार केली. पाळकसाहेब भले आहेत, त्यांनी फक्त "थोडे दिवस विश्रांती घ्या" म्हटलं. आपल्याकडे विश्रांतीचा अर्थ काय होतो ते सर्वांना ठाऊक आहे.

माझं म्हणणं असं, की मी सोडू नये. शंका आहे म्हणून मुलांपुढे उभं राहायचं नाही हा नियम केला, तर उरलेले शिक्षक फक्त न सांगणारे असतील. तुम्हाला काय वाटतं?

खडकावरचे_घर

ताई, आईबद्दल मनापासून दुःख वाटलं. त्या चपलावाल्या गृहस्थांनी जे केलं ते पाप आहे, आधी तेवढं नोंदवतो.

आता माझं मत. तुम्ही काही काळ थांबावं. शंका येणं वेगळं आणि शंका घेऊन शिकवायला उभं राहणं वेगळं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात संशय धरणाऱ्याला वाऱ्यानं लोटलेल्या समुद्राच्या लाटेची उपमा आहे. ती तुम्हाला टोचेल, म्हणून बाजूला ठेवू. पण तिसऱ्या अध्यायाची सुरुवात पाहा: पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकाचा न्याय अधिक कडक होणार. एसटीचा ड्रायव्हर चांगला माणूस असतो, पण डोळ्यांची तपासणी चालू असेल तेवढे दिवस त्याला गाडी देत नाहीत. त्यात त्याचा अपमान नसतो. मागे ४० माणसं बसलेली असतात.

मोठ्यांच्या बायबल अभ्यासात तुम्ही हेच बोलला असतात तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो. नऊ वर्षांच्या मुलापुढे नाही.

वसईची_केळी

आमच्याकडे कॅथलिकांत कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात पण हीच भानगड होते, काळजी करू नका.

शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचं सगळे सांगतात, पण एक गोष्ट सांगायची राहते. येशू पुन्हा उठल्यावर बाकीचे शिष्य म्हणाले आम्ही प्रभूला पाहिलं, हा म्हणाला खिळ्यांच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. पुढचं वाक्य वाचा: आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते, आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे आठ दिवस त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही, तोही रुसून गेला नाही. न मानणारा माणूस मानणाऱ्यांच्या पंक्तीला जेवत होता. माझ्या मते त्या अध्यायातला मोठा चमत्कार तोच.

आणि परंपरेनं भारतात कोण आला म्हणून सांगतात? इ.स. ५२, केरळचा किनारा. हाच. पेत्र नाही, योहान नाही.

खडकावरचे_घर

@वसईची_केळी, छान मुद्दा. पण त्या आठ दिवसांत थोमा शिकवत नव्हता. येशूला पाहून "माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हटल्यावर तो निघाला. क्रम बघा.

निवांत_नास्तिक

मी एकेकाळी तालुक्यात बायबल क्विझचा पहिला नंबर. आता चर्चला फक्त लग्नाला आणि मातीला जातो.

तुम्हा दोघांचं भांडण मला लुटुपुटूचं वाटतं. एक म्हणतो शंका बाहेर ठेवा, दुसरी म्हणते शंका आत ठेवा, पण दोघांनाही हवं आहे की शेवट "माझ्या प्रभू, माझ्या देवा" असाच व्हावा. उत्तर आधी ठरलेलं असेल तर ती शंका कसली, तो रंगीत तालमीतला खलनायक. पडदा पडायच्या आत हरणारच.

ताई, त्या मुलाचा प्रश्न बिनतोड आहे. एक माणूस उठवला, बाकीचे नाही, आणि तोही पुन्हा मेला. तुम्ही "माहीत नाही" म्हणालात. तिथंच थांबू नका, पुढे चालत राहा एवढंच म्हणेन. चालत कुठे पोचाल ते आधी ठरवू नका.

चौथा_बाक

@निवांत_नास्तिक, विचार केला नाही असं नाही. पण खरं सांगू? आईच्या मातीला जी माणसं आली, ज्यांनी तीन दिवस डबे पाठवले, त्यातली ९० टक्के त्याच बाकांवर बसणारी. मी "पुढे चालत" गेले तर एकटी चालेन. हे तर्कात बसत नाही, ठाऊक आहे.

जुनी_कात्रणे

याकोबाच्या पत्राचा दाखला आला म्हणून इतिहासातलं एक उदाहरण देतो.

नीळकंठशास्त्री गोरे. १८२५ चा जन्म, काशीत वाढलेला चित्पावन पंडित. मिशनऱ्यांना वादात हरवायला गेले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे अँग्लिकन धर्मगुरू. पण हा माणूस जन्मजात शंकेखोर. बाप्तिस्म्यापूर्वी शंका, बाप्तिस्म्यानंतर शंका, दीक्षा घेतल्यावरही शंका. सुटका नाही. आणि पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळवण्यात ज्यांच्या लेखनाचा मोठा हात होता, ते हेच.

आता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. दोन वर्षांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचं भांडण: त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) कसं मानू, कुमारीच्या पोटी जन्म कसा मानू, आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मी दुसऱ्याच्या जोखडाखाली मान का देऊ. या काळातच त्या शिकवतही होत्या. पुढे मुंबईत १८८९ ला शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती मिशन, आणि मरेपर्यंत मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. 'खडकावरचे घर' यांचा नियम लावला असता तर १८८५ मध्ये रमाबाईंनाही "विश्रांती" मिळाली असती.

खडकावरचे_घर

@जुनी_कात्रणे, अर्धीच गोष्ट सांगितलीत. रमाबाईंनी १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिली. त्यात त्या स्वतःच म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे जेराल्डीनबाईंशी भांडणाऱ्या रमाबाईंना नंतरच्या रमाबाईंनी अपुऱ्या ठरवलं. तुमचा साक्षीदार माझ्या बाजूनं बोलतोय.

जुनी_कात्रणे

मान्य, साक्षीत तसं आहे. पण "अपुरं" म्हणजे "गप्प बसा" नव्हे. तिकडे पोचल्यावर मागे वळून पाहिलं म्हणून तो रस्ता दिसला. आणि वाँटेजच्या मठात त्यांनी मान डोलावली असती, तर पुढे कुणाच्याही हाताखाली न राहता केडगाव उभं करणारी बाई आपल्याला मिळाली असती का? मला शंका आहे (हो, मलाही).

डबा_घेऊन_आलेली

मी आई आहे. मुलगी ९ वर्षांची, दुसऱ्या गावात, पण याच वयोगटाच्या संडे स्कूलला जाते. आजी गेल्यापासून ती रात्री दिवा बंद करू देत नाही. तिला टीचरनं सांगितलं असतं "मलाही हाच प्रश्न पडलाय", तर मीही तक्रार केली असती. उगाच गोड बोलत नाही.

खोटं सांगा असं म्हणत नाहीये. पण लहान मुलाला प्रश्नाबरोबर काहीतरी धरायला द्यावं लागतं. तुम्ही त्याच्या हातात नुसता प्रश्न ठेवलात आणि घंटा झाली.

चौथा_बाक

@डबा_घेऊन_आलेली, हे लागलं. बरोबर आहे. घंटा खरंच झाली होती.

वसईची_केळी

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा आमच्या गावात खळबळ उडाली होती. जवळजवळ ५० वर्षं त्यांना आत नुसता अंधार होता, देव जाणवत नव्हता. आणि त्या काळात त्या सिस्टरांना रोज प्रार्थना शिकवत होत्या! मग त्यांनाही थांबवायला हवं होतं का?

खडकावरचे_घर

त्यांनी ते कुणाला लिहिलं? आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना. पत्रं जाळून टाका अशी विनंतीही केली होती. बालवर्गात जाऊन सांगितलं नाही. तुम्ही आज सगळे माझेच साक्षीदार आणताय.

निवांत_नास्तिक

म्हणजे शंका घ्या पण दार लावून घ्या. संतपण मिळेल.

बांधावरून

नगर जिल्ह्यातलाच आहे. माझे खापरपणजोबा १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ख्रिस्ती झाले. गावकुसाबाहेरची वस्ती. त्यांनी त्रैक्य समजून घेतलं होतं असं कुणी सांगितलं तर मी हसेन. त्यांना कळलं ते एवढंच, की इथं पाण्याला हात लावला तर कुणी मारत नाही आणि पोरगं शाळेत बसतं. इतकी वर्षं आम्हाला बाहेरचे टोमणे मारतात की तुमचा विश्वास पोटाचा. आणि आता आतले विचारताहेत, तुमचा विश्वास पक्का आहे का, नसेल तर बाजूला व्हा.

विश्वास म्हणजे डोक्यात काय चाललंय याची दररोज हजेरी नव्हे. माझी आजी निरक्षर होती. तिला विचारलं असतं की लाजर परत मेला का, तर म्हणाली असती, "मेला असंल की. त्याच्या बहिणींनी पुन्हा रडून घेतलं असंल." आणि भाकरी थापत राहिली असती.

आत्म्याचा_अभिषेक

प्रभूची स्तुती असो. बहिणीला दुखवायचं नाही, पण वचन सत्य आहे. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास डोंगर हलवतो. मी स्वतः बरा झालो आहे. शंकेला घरात जागा दिली की आशीर्वाद अडतो. कुणी बोललं तर राग मानू नका, स्वतःला तपासा.

जुनी_कात्रणे

@आत्म्याचा_अभिषेक, बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याला हेच त्याचे तीन मित्र सांगत होते. तो देवाशी भांडत होता, ते देवाची वकिली करत होते. ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर, आणि म्हणतो माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा (त्याचं दुखणं) देवानं काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा तसाच राहिला. पौलाचा दाणा मोहरीपेक्षा लहान होता काय?

खडकावरचे_घर

इथं मी जुनी_कात्रणे यांच्याबरोबर आहे. आजारी माणसाच्या दारात उभं राहून विश्वासाचं माप काढणं बंद झालं पाहिजे. @आत्म्याचा_अभिषेक, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. पण ताईंच्या आईनं ते वाक्य ऐकलं. ते परत घेता येणार नाही.

आत्म्याचा_अभिषेक

मी त्या घरी नव्हतो. असतो तर बोललो नसतो. एवढंच.

कुणीतरी_शेजारचं

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. तुकोबा एका अभंगात सरळ म्हणतात, "माझे लेखीं देव मेला". तरी तो अभंग गाथेत आहे, कुणी काढला नाही. तुमच्याकडे असं काही नाही का?

वसईची_केळी

आहे ना. बायबलातलं स्तोत्र ८८. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेऊन आभार मानतात, हे घेत नाही. काळोखावरच संपतं. आणि तेही देवापुढे गायला लिहिलेलं.

(कवी रेव्ह. ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं सांगतात. त्या पुलावर ही फरशीही आली असणार.)

चौथा_बाक

सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. घडलं ते सांगते.

सोडलं नाही. पण पाळकसाहेबांना भेटून म्हटलं, चार रविवार दुसऱ्या टीचरबरोबर बसते, एकटी शिकवत नाही. 'खडकावरचे घर' यांच्या एसटीमुळे नव्हे, 'डबा' ताईंच्या मुलीमुळे.

गेल्या रविवारी तो मुलगा आला. मी त्याच्याशेजारी चटईवर बसले. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आणलंय. लाजर परत मेला. सायप्रस बेटावर लार्नाका गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, तिथं त्याची दुसरी कबर दाखवतात. आणि उठवायच्या आधी येशू रडला, हे पुस्तकात आहे. दोन मिनिटांत उठवणार हे माहीत असून रडला. का रडला, तेही मला नीट कळत नाही, पण मी आई गेली तेव्हा रडले.

तो म्हणाला, "दोन कबरी?" त्याला बाकी काहीच ऐकू आलं नव्हतं. शेजारच्या मुलीला कोपरानं ढोसून म्हणाला, "त्याला दोन कबरी आहेत."

अंगीकाराच्या वेळी काल ओठ हलले नाहीत. तेही सांगून टाकते.

निवांत_नास्तिक

दोन कबरींवर मीही अडकलो. लार्नाकाचे फोटो बघतोय.

खडकावरचे_घर

माझं मत बदललेलं नाही. चारचे आठ रविवार करा असंच म्हणेन. पण तुम्ही बसणारच आहात, तर पुढचा धडा कुठला?

चौथा_बाक

योना. माशानं गिळलेला.

खडकावरचे_घर

मग आत्ताच सांगतो. बायबलात "मोठा मासा" आहे, देवमासा नाही. आपण सवयीनं देवमासा म्हणून जातो. तो मुलगा पकडणार.