क्षारता ३५ की क्षारता ८? रीफ टँकच्या मिठाची चाचणी मराठीत लिहिताना

काचपेटी

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या काचेच्या टाकीसाठी, तयार मिळणाऱ्या मीठ-मिश्रणांची चाचणी कशी करावी यावर मराठीत टिपण लिहायला घेतलंय. तक्त्यात सॅलिनिटी (पाण्यात एकूण किती मीठ, हजारात किती भाग) आणि अल्कॅलिनिटी (पाणी किती आम्ल पचवतं) हे दोन रकाने अगदी शेजारी आहेत. भूगोल मराठीतून शिकलेला वाचक 'क्षारता' म्हटलं की पहिला रकाना समजतो, हिंदी पुस्तकं चाळलेला दुसरा. एकात आकडा ३५, दुसऱ्यात ८. कोणता शब्द कुठे वापरू? आणि 'सिंथेटिक सी सॉल्ट'ला 'कृत्रिम समुद्री मीठ' म्हटलेलं चालेल का?

जुनी वही

घोळ मुळातल्या 'क्षार'चा आहे. आयुर्वेदात क्षार म्हणजे राखेतून काढलेला झोंबरा पदार्थ. यवक्षार जवाच्या राखेतून निघतो. मिठाला तिथे लवण. हिंदीने हीच वाटणी पुढे चालवली, क्षार म्हणजे अल्कली आणि लवण म्हणजे सॉल्ट. आपल्या शालेय रसायनात मात्र आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की 'क्षार' आणि पाणी तयार होतं, आणि अल्कलीला 'अल्क' म्हणतात. म्हणजे शेजारच्या भाषेत जो शब्द एका टोकाला, तोच आपल्याकडे दुसऱ्या टोकाला. मराठी विश्वकोश पुन्हा 'लवण'च वापरतो. बोलण्यात तर तिसरीच तऱ्हा: नळाच्या तोटीवर पांढरा थर धरला की आपण 'पाण्यात क्षार फार' म्हणतो, आणि तिथे रोख असतो कॅल्शियम-मॅग्नेशियमवर.

एरवी संदर्भाने निभावतं. तुमच्या तक्त्यात नाही निभावणार, कारण तिन्ही अर्थ तिथे एकाच ओळीत येतात. सॅलिनिटीला 'लवणता' घ्या, अल्कॅलिनिटीला 'अल्कता'. नुसतं 'क्षारता' कुठेच नको.

मोजमाप

लवणतेला माझाही कौल. अल्कतेबद्दल मात्र थोडी धास्ती वाटते. 'अल्कधर्मी' हा शब्द लोकांना पीएचमुळे माहीत आहे, म्हणून 'अल्कता वाढली' वाचून ते पीएच वाढला असं धरून चालतात. चाचणीत ही गल्लत महागात पडते. एकाच बादलीतलं पाणी घ्या. कोंदट, बंद खोलीत त्याचा पीएच ७.९ दिसेल, तेच मोकळ्या हवेत बुडबुडे सोडून ठेवलं की ८.२ च्या वर जाईल. फरक विरघळलेल्या कार्बन डायॉक्साइडचा. अल्कता दोन्ही वेळा तेवढीच राहते. पीएच ही त्या घडीची स्थिती झाली, अल्कता म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद.

चाचणी करताना हे डोळ्यांना दिसतं. कुपीत ५ मिलिलिटर पाणी, त्यात दर्शकाचे थेंब टाकले की ते निळं होतं. मग सिरिंजमधून आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. प्रत्येक थेंब पडतो तिथे क्षणभर पिवळा ठिपका उमटतो आणि कुपी हलवली की निळ्यात विरून जातो. शेवटाकडे हा ठिपका रेंगाळायला लागतो, पाणी हिरवट होतं, आणि मग एका थेंबाला हलवूनही पिवळंच राहतं. तोवर किती आम्ल गेलं, ती अल्कता. पांढरा कागद मागे धरून बघावं, नाहीतर हिरवट आणि पिवळ्यात एका थेंबाची चूक हमखास होते.

म्हणून तक्त्यात 'अल्कता' लिहा, पण पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक ओळ जोडा: 'पीएच नव्हे, पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता'.

काचपेटी

पण माझ्या चाचणी-संचाच्या डबीवर 'केएच', म्हणजे कार्बोनेट हार्डनेस असं छापलंय आणि एकक डीकेएच, म्हणजे केएचचे अंश. मग 'दुष्फेनता' म्हणू का? शब्द छान आहे, शिवाय पाठ्यपुस्तकातला.

मोजमाप

छान आहे, पण इथे अजिबात नको. दुष्फेन म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारं पाणी, आणि ते काम कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. त्या अर्थाने समुद्राचं पाणी इतकं दुष्फेन असतं की कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात आकडा लिटरला ६,००० मिलिग्रॅमच्या वर जातो. तुमचा संच हे मोजतच नाही. तो आम्ल किती खर्च झालं तेवढंच मोजतो. 'कार्बोनेट हार्डनेस' हे गोड्या पाण्याच्या जुन्या जर्मन मापातून आलेलं नाव आहे, एकक तेवढं टिकून राहिलंय. २.८ डीकेएच म्हणजे रसायनातल्या एककात लिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट. खऱ्या समुद्रात अल्कता साधारण ६.५ डीकेएच असते. रीफसाठीची मिश्रणं बहुधा याच्या वरच ठेवलेली असतात, काही तर चांगलीच वर, कारण प्रवाळ सांगाडा बांधताना ती खर्च करतात.

'कार्बोनेट' हेसुद्धा पूर्ण खरं नाही. त्या आम्लाचा थोडा वाटा बोरेटही खातं. एखाद्या मिश्रणात बोरॉन समुद्रापेक्षा बरंच जास्त घातलेलं असेल, तर संच ८ दाखवेल आणि त्यातला कार्बोनेटचा हिस्सा अपेक्षेपेक्षा कमी असेल. थेंबांच्या संचाला हा भेद कळत नाही, त्यासाठी बोरॉन वेगळं मोजावं लागतं.

जुनी वही

आता 'कृत्रिम समुद्री मीठ'. माझी हरकत 'कृत्रिम'ला नाही, 'मिठा'ला आहे. समुद्राचं पाणी आटवत नेलं की सगळं एकदम खाली बसत नाही. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग खायचं मीठ, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. मिठागरात ते कडू पाणी सोडून देतात. तेव्हा मिठागरातलं 'समुद्री मीठ' समुद्रातून येतं खरं, पण त्यातून परत समुद्र तयार होत नाही. समुद्रात विरघळलेल्या पदार्थांत सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनाने ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात. प्रवाळांचा जीव मात्र उरलेल्या १५ टक्क्यांतच अडकलेला असतो.

'सिंथेटिक'साठी 'संश्लेषित' हा शब्द मला जड वाटतो आणि थोडा खोटाही, कारण इथे कोणी नवं संयुग घडवत नाही, ओळखीची लवणं ठरल्या मापात मिसळतात. 'सागरी लवण-मिश्रण' म्हणा. पाकीट घेणारा त्याला 'मीठ'च म्हणणार, म्हणू दे. टिपणात पहिल्यांदा पूर्ण नाव द्या आणि पुढे बेलाशक 'मीठ' लिहा.

मोजमाप

'मिश्रण' हा शब्द चाचणी करणाऱ्याच्याही उपयोगाचा. त्यातून आपोआप प्रश्न पडतो, सारखं मिसळलंय का? वाहतुकीत हादरे बसून बारीक कण खाली जातात आणि जाडे वर राहतात. पिशवीच्या तोंडाशी घेतलेला चमचा आणि तळाचा चमचा यांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून आख्खी पिशवी लोळवून घ्यायची आणि मगच नमुना काढायचा.

वजनाबद्दलही लिहाच. लिटरभर पाणी ३५ च्या लवणतेला आणायला ३५ ग्रॅम मिश्रण पुरत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकात निम्म्याहून जास्त वजन स्फटिकजलाचं असतं, कॅल्शियम क्लोराइडही पाणी धरून येतो, आणि पिशवी उघडी राहिली की दोघं हवेतला ओलावा ओढत बसतात. मग ढेकळं होतात आणि वजनाचा हिशेब आणखी बिघडतो. तक्त्यात 'वजन' आणि 'लवणता' वेगवेगळे रकाने ठेवा, एकावरून दुसरा भरू नका.

काचपेटी

मिसळल्यावर पाणी पांढरट होतं त्याला काय म्हणू? मी 'गढूळ' लिहिलं होतं, खाली बसतं त्याला 'गाळ'.

जुनी वही

गढूळ म्हटलं की माती आली. इथे 'दुधाळ' म्हणा. खाली बसणाऱ्यासाठी पाठ्यपुस्तकी शब्द 'अवक्षेप', आणि जुना चांगला शब्द 'साका'. साका बसला, साका धरला, अशी रूपं सहज चालतात.

मोजमाप

इथे मला दोन शब्द लागतील, कारण गोष्टी दोन आहेत. एक, जे विरघळलंच नाही. दुसरं, जे विरघळून कार्बोनेट होऊन परत बाहेर पडलं. पहिल्याला 'गाळ' ठेवू, दुसऱ्याला 'साका'. पहिल्यात मिश्रणाची शुद्धता दिसते. दुसऱ्यात बरेचदा मिसळणाऱ्याची घाई दिसते: मिठावर पाणी ओतलं, की काही क्षण तळाशी दाट द्रावण होतं आणि तिथेच कॅल्शियम आणि कार्बोनेटची गाठ पडते. पाणी आधी घ्यावं, आरओ-डीआयचं (विरघळलेलं सगळं काढून टाकलेलं शुद्ध), ते फिरतं ठेवावं आणि मीठ थोडंथोडं टाकत जावं. जास्त तापवलं तरी साका धरतो, अगदी हीटरच्या नळीवर पांढरं कवच चढतं.

तो ओळखायचा अल्कतेवरूनच. कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडताना २.८ डीकेएच अल्कता गेली तर कॅल्शियम लिटरला फक्त २० मिलिग्रॅमने उतरतं. अल्कता १.४ ने घसरली तर कॅल्शियम १० ने, आणि ४२० चं ४१० झालेलं थेंबांच्या संचाला धड कळतही नाही. 'कॅल्शियम तर बरोबर आहे' म्हणून पाकिटावर छापलेली अल्कता खोटी ठरवणारे पुष्कळ भेटतात. मिसळल्या मिसळल्या एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा अशी दोनदा मोजा, तापमान दोन्ही वेळा २५ अंश.

काचपेटी

आणि लवणता ३५ नेमकी जमली नाही तर? दर वेळी पाणी घालत, मीठ घालत बसायचं?

मोजमाप

नको, गुणोत्तराने हिशेब करा. लवणता ३३ ला कॅल्शियम ४०० आलं, तर ३५ ला ते ४२४ धरायचं. सगळ्या मिश्रणांचे आकडे असे हिशेबाने ३५ वर आणल्याशिवाय तुलना करूच नये. दोन मिठांचे आकडे वेगवेगळ्या लवणतेला मोजून एकाला 'कॅल्शियम कमी' म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

लवणतेचा रकाना भरताना साधनाचं नावही लिहा. समुद्रात मुख्य घटकांची आपापसातली गुणोत्तरं जवळपास सगळीकडे सारखी असतात. १८७२ ते १८७६ च्या चॅलेंजर या समुद्र-संशोधन मोहिमेत आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली हे नीट दाखवून दिलं. वाहकता (पाण्यातून वीज किती वाहते) किंवा अपवर्तनांक (पाण्यात प्रकाश किती वळतो) मोजून लवणता सांगणारी साधनं याच भरवशावर चालतात. मिश्रणात गुणोत्तर इकडेतिकडे झालं तरी साधन खुशाल ३५ दाखवतं. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अपवर्तनांक मोजणारी साधनं, तर बरेचदा नुसत्या मिठाच्या द्रावणावर आखलेले असतात, त्यामुळे ते शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावून घ्यावे.

जुनी वही

'प्रमाण द्रावणा'तलं 'प्रमाण' इथे प्रमाणित या अर्थाने आलंय. तक्त्याच्या वर 'घटकांचं प्रमाण' लिहिलंत तर तिथे ते मात्रा होईल, आणि डिटमारच्या वाक्यात गुणोत्तर. त्यातून 'स्थिर प्रमाणाचा नियम' हे नाव रसायनात संयुगांसाठी आधीच गेलेलं आहे. टिपणात मात्रा, गुणोत्तर आणि प्रमाण द्रावण असे तीन वेगळे शब्द ठेवा.

काचपेटी

ठेवतो. शेवटचं एक: 'रीफ टँक'ला 'प्रवाळभित्ती-टाकी'?

जुनी वही

प्रवाळभित्ती ही मैलोन्‌मैल पसरलेली भूरचना. काचेच्या पेटीत चार दगड रचून त्यावर प्रवाळ लावलेत, त्याला भित्ती म्हणवत नाही. रीफ टँकच राहू द्या. सगळे तेच म्हणतात.